मोसम संपला, आता टेबलावरचं उत्खनन: पुरातत्त्वाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी परतीचा मार्गदर्शक

उन्हाळी उत्खनन आटोपून विद्यापीठात परतलं की दोन कामं एकदम पुढ्यात येतात. एकीकडे वर्ग, सेमिनार, गाईडबरोबरच्या बैठका. दुसरीकडे ट्रेंचवरून (खोदकामाच्या आखलेल्या खड्ड्यावरून) आणलेल्या वह्या, फोटो, नमुने आणि डोक्यात साठलेले शेकडो तपशील. पहिल्या कामाला तारखा असतात, दुसऱ्याला नसतात, त्यामुळे दुसरं हमखास मागे पडतं. खरं तर घाई त्याचीच आहे. राहिलेलं वाचन सत्राच्या शेवटीही करता येतं. पण थर १४ मधली राख भिंतीला टेकलेली होती की मध्ये मातीची पातळ पट्टी होती, हे चार महिन्यांनी आठवत नाही, आणि तो थर आता पाहायलाही मिळत नाही, कारण तुम्हीच तो खोदून काढला आहे.

म्हणून खालचा क्रम स्मरणशक्तीच्या हिशेबाने लावला आहे: जे लवकर विसरेल किंवा खराब होईल ते आधी.

पायरी १: प्रती काढा

मेमरी कार्डं, टोटल स्टेशन या मोजणी-उपकरणाच्या कच्च्या नोंदी, टॅबलेटवरचे फॉर्म, ड्रोनचे फोटो, फोनवर सहज काढलेले फोटो हे सगळं एका जागी गोळा करा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत किंवा क्लाउडवर, हा बॅकअपचा जुना नियम पुरेसा आहे. एकाच बॅगेतल्या दोन हार्ड डिस्क म्हणजे एकच प्रत समजा. कॉपी झाली की लगेच कार्ड पुसू नका. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का पाहा, मधल्या पाचदहा फाइली उघडून बघा.

वह्यांचं प्रत्येक पान स्कॅन करा, मागची पानं आणि आतलं कव्हरसुद्धा. घाईतली आकडेमोड नेमकी तिथेच असते. प्रमाणात काढलेली रेखाटनं फोनने टिपू नका, कडा वाकतात आणि प्रमाण बिघडतं. सपाट स्कॅनर वापरा आणि स्कॅनवर चौकटीचं अंतर मोजून प्रमाण तपासा.

मूळ फाइलींच्या फोल्डरला कोणीही हात लावायचा नाही, सगळी दुरुस्ती प्रतीवर करायची. फाइलीच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी घातली की त्या आपोआप क्रमाने लागतात. तक्त्यांची एक प्रत साध्या सीएसव्हीत ठेवा. निर्देशांक कोणत्या प्रणालीत आहेत ते त्या प्रणालीच्या ठरलेल्या ईपीएसजी क्रमांकासह लिहून ठेवा (जीपीएस वापरतं त्या डब्ल्यूजीएस ८४ चे अक्षांश-रेखांश असतील तर ४३२६). ही एक ओळ नसेल तर पुढे जीआयएसमध्ये (संगणकावरच्या नकाशा-प्रणालीत) तुमची ट्रेंच भलत्याच ठिकाणी जाऊन बसते आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

पायरी २: डोक्यातलं कागदावर उतरवा

या लेखातली एकच पायरी करायला वेळ असेल तर ही करा. पहिले दोन आठवडे रोज तासभर यासाठी राखून ठेवा, वर्ग सुरू झाले असले तरी.

एका बाजूला दैनंदिन नोंदवही, दुसऱ्या बाजूला त्याच दिवसाचे फोटो, आणि समोर प्रत्येक थराचं, खड्ड्याचं, भिंतीचं नोंदपत्रक. प्रत्येकासाठी स्वतःला काही प्रश्न विचारा. हा थर वरच्यापेक्षा वेगळा आहे हे कशावरून ओळखलं: रंग, घट्टपणा, की आतले खडे-कोळसा? कड स्पष्ट होती की एकमेकांत मिसळत गेली होती? माती कोरडी होती की पावसानंतरची? कुदळ वापरली की थापी? चाळली का, आणि चाळणीची जाळी किती मिलिमीटरची होती? रंग मन्सेल तक्त्यावरून (मातीच्या रंगांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण तक्त्यावरून) लिहिला असेल, समजा १०वायआर ४/३, तर माती ओली असताना की सुकी असताना? ओली माती गडद दिसते. ही नोंद नसेल तर दोन ट्रेंचमधल्या रंगांची तुलना करण्यात अर्थ नाही.

चाळणीच्या जाळीचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण अर्धा प्रबंध त्यावर उभा असतो. ५ मिलिमीटरच्या जाळीतून माशांची बारीक हाडं आणि बहुतेक धान्यबिया निसटून जातात. एका ट्रेंचमध्ये २ मिलिमीटरची जाळी होती आणि दुसरीत ५ ची, हे न लिहिता 'पूर्वेकडच्या घरांत मासे जास्त खात' असा निष्कर्ष काढणारे लेख आजही दिसतात.

ही भर घालण्याचा शिस्तीचा नियम एकच: जुनं खोडायचं नाही. नवी टीप वेगळ्या शाईत, आजची तारीख आणि आद्याक्षरं घालून लिहायची. खोदताना काय दिसलं आणि नंतर काय सुचलं, हे वाचणाऱ्याला वेगळं करता आलं पाहिजे. शंकाही लिहा. 'खड्ड्याची पश्चिम कड संध्याकाळच्या उजेडात ठरवली, खात्री कमी' ही ओळ पाच वर्षांनी कार्बन-१४ ची तारीख विचित्र आली तर सोन्याच्या मोलाची ठरते.

नोंदपत्रकं झाली की प्रत्येक ट्रेंचची दोन पानांची हकिकत लिहा, खालून वर. आपण वरून खाली खोदतो, त्यामुळे डोक्यातली गोष्टही उलटी असते. तळाच्या नैसर्गिक मातीपासून सुरुवात करून 'मग जमीन सपाट केली, मग चूल घातली, मग भिंत पडली' असं लिहायला लागलं की कुठे साखळी तुटते ते तिसऱ्याच परिच्छेदात कळतं. भाषा सुंदर नको. अंदाज असेल तिथे 'बहुधा' लिहा.

त्याच आठवड्यात ट्रेंचमधल्या जोडीदाराला फोन करा. दोघांची आठवण जुळली नाही तर दोन्ही मतं नावासकट नोंदवा, तडजोडीचं तिसरं मत तयार करू नका. प्रत्यक्ष खोदणाऱ्या कामगारांनी काही सांगितलं असेल तर तेही त्यांच्या श्रेयासह लिहा. मातीतला फरक हाताला आधी कळतो आणि तो हात बहुतेक वेळा विद्यार्थ्याचा नसतो.

पायरी ३: नोंदी एकमेकींशी ताडून पाहा

पातळ्यांपासून सुरुवात करा, कारण तिथल्या चुका गणिताने सापडतात. संदर्भबिंदूची उंची १००.०० मीटर, त्यावरचं मागचं वाचन (तिथे उभ्या धरलेल्या पट्टीवर उपकरणातून दिसलेला आकडा) १.४२, म्हणजे उपकरणाची उंची १०१.४२. थरावरचं वाचन २.१७ असेल तर थराची पातळी ९९.२५. दुपारी सावलीसाठी उपकरण हलवलं आणि नवं मागचं वाचन लिहायचं राहिलं, की त्यानंतरच्या सगळ्या पातळ्या सारख्याच फरकाने चुकतात. फरक सारखा असल्यामुळेच त्या दुरुस्त करता येतात. थराचा तळ त्याच्याच माथ्यापेक्षा वर दाखवणाऱ्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये चाळून काढा. एक-दोन निघतातच.

कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असेल तर फोटोतल्या माहितीच्या पाटीवरची वेळ आणि फाइलीतली वेळ यांतला फरक काढून सगळ्या फाइलींना एकदम लावा. पाटी नसलेले फोटो आत्ताच ओळखून ठेवा. आत्ता ते कोपऱ्यातल्या बादलीवरूनही ओळखू येतात, पुढच्या वर्षी येणार नाहीत.

मग हॅरिस मॅट्रिक्स. एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये मांडलेली, कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा हे दाखवणारी ही आकृती ट्रेंचवर घाईत काढलेली असते. टेबलावर ती नव्याने काढा, जुनी समोर न ठेवता, फक्त नोंदपत्रकांवरून. दोन एककांमधलं (थर, भिंत, खड्डा यांतलं प्रत्येक म्हणजे एक एकक) नातं तीनच प्रकारचं असू शकतं: एक दुसऱ्याच्या वर, दोन्ही मुळात एकच, किंवा थेट नातं नाही. खड्डा खणण्याची क्रिया हेही स्वतंत्र एकक असतं आणि त्यात भरलेली माती वेगळं. नवखे विद्यार्थी यातलं पहिलं विसरतात. मग खड्डा कोणत्या थरावरून खणला गेला हा प्रश्नच विचारला जात नाही आणि खड्ड्यातली खापरं आजूबाजूच्या जुन्या थराच्या नावावर जमा होतात. थर ७ हा ९ च्या वर, ९ हा १२ च्या वर आणि १२ हा ७ च्या वर असं चक्र सापडलं तर तिन्हींपैकी निदान एक नोंद नक्की चुकलेली आहे. छेदाचा (ट्रेंचच्या उभ्या बाजूचा) मोसमातला फोटो शोधून पाहा आणि ठरवा. ठरत नसेल तर मॅट्रिक्समध्ये तुटक रेघ द्या.

पायरी ४: वस्तू आणि नमुने

बहुतेक वस्तू प्रकल्पाच्या भांडारातच राहतात आणि राहायला हव्यात. 'अभ्यासासाठी' चार खापरं खिशात घालून आणणं हा अभ्यास नव्हे. पण रीतसर परवानगीने तुमच्याकडे आलेली खोकी याच आठवड्यात उघडा. बंद पिशवीत काय चाललं आहे ते बाहेरून कळत नाही.

ओलसर पिशवीतल्या कोळशावर बुरशी चढते आणि बुरशीतला कार्बन आजचा असतो. सावलीत, धूळ न बसेल असा तो सुकवा आणि फॉइलमध्ये किंवा काचेच्या कुपीत ठेवा. कापूस, कागद आणि कसलाही गोंद त्यापासून लांब. धातूच्या वस्तू धुवायच्या नाहीत. हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर कोरड्या ठेवायच्या. पाण्यात टिकलेलं लाकूड याच्या अगदी उलट: ओलं, गार आणि अंधारात, संवर्धकाच्या हाती जाईपर्यंत. प्रकाश-उत्सर्जन कालमापनासाठीच्या नळ्या कुतूहल म्हणूनही उघडू नका, उजेड लागला की तो नमुना संपला. आणि भांड्यांच्या आतल्या चरबीचं पृथक्करण करायचा विचार असेल तर ती खापरं न धुता, उघड्या हाताने न हाताळता, फॉइलमध्ये गुंडाळायची, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीतली रसायनं आणि बोटांचं तेल थेट निकालात दिसतं.

पिशवीत एक आणि पिशवीवर एक अशा दोन चिठ्ठ्या असू द्या. खापरावर क्रमांक घालताना आधी ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर, त्यावर शाई, त्यावर पुन्हा थर. म्हणजे गरज पडली तर तो पुसता येतो. क्रमांक तुटक्या कडेवर किंवा नक्षीवर नको.

कालमापनाला काय पाठवायचं याचा निर्णय मात्र घाईने घेऊ नका. कार्बन-१४ मोजण्याच्या त्वरक वस्तुमान-वर्णपटमापन (एएमएस) पद्धतीला काही मिलिग्रॅम कार्बन पुरतो, म्हणजे एखादा जळका दाणाही चालतो. दाणा एका हंगामाचा असतो. तुळईचा कोळसा झाडाच्या गाभ्यातला असेल तर तो घरापेक्षा शंभर-दोनशे वर्षांनी जुना निघू शकतो. शिवाय तो दाणा चुलीतल्या राखेतला आहे की उंदराच्या बिळातून खाली आलेला, हे तुमच्या पायरी २ च्या टिपांवर ठरतं. निकाल हाती आल्यावर लक्षात ठेवा की 'आजपूर्वी' मधलं 'आज' म्हणजे १९५०, आणि कच्चं वय थेट कॅलेंडरचं वर्ष नसतं. ते इंटकॅल२० सारख्या वक्राने (कच्च्या वयाला कॅलेंडरच्या वर्षांशी जोडणाऱ्या आलेखाने) जुळवावं लागतं. दक्षिण गोलार्धासाठी आणि सागरी नमुन्यांसाठी वक्र वेगळे आहेत. कोणता वक्र वापरला ते न लिहिलेली तारीख परीक्षक परत पाठवतात.

पायरी ५: काय वापरता येईल ते लेखी विचारा

तुम्ही खोदलं म्हणून ती माहिती तुमची होत नाही. प्रकल्पप्रमुखांना छोटा ईमेल लिहा: प्रबंधात कोणत्या ट्रेंचची, कोणत्या प्रकारची सामग्री वापरता येईल, ती आधी कोण प्रसिद्ध करणार, परिषदेत दाखवायला हरकत आहे का, लेखकांच्या यादीत कोण असेल. तोंडी 'हो हो, वापर की' पुरेसं नाही. प्रमुख बदलतात, नव्या विशेषज्ञाला तीच खापरं दिली जातात आणि मग तुमचं दुसरं वर्ष त्या वादात जातं.

समाजमाध्यमांवर अचूक ठिकाण सांगणारे फोटो टाकू नका. फोनचे फोटो बहुतेक वेळा निर्देशांक आत घेऊनच जातात आणि लुटारूही ते वाचू शकतात. मानवी सांगाडे सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवर उठावासाठी लावायची सवय काही जणांना असते. प्रकल्पाचे आणि तिथल्या समाजाचे त्याबद्दल नियम असतात, ते आधी विचारा.

पायरी ६: प्रबंधाचा प्रश्न पुन्हा घासून पाहा

मोसमाआधी लिहिलेला प्रस्ताव आणि मोसमात प्रत्यक्ष निघालेली सामग्री क्वचितच जुळते. 'घरोघरी साठवणुकीची पद्धत' शोधायला गेलेल्याला कचऱ्याचे खड्डे मिळतात. यात वाईट काही नाही, पण प्रस्ताव तसाच ठेवून सामग्री त्यात कोंबणं वाईट.

चार रकान्यांचा तक्ता करा: प्रश्न, त्याच्या उत्तराला कोणता पुरावा लागेल, त्यातला किती हातात आहे, आणि कोणत्या संदर्भातून (म्हणजे कोणत्या थरातून, खड्ड्यातून). तिसऱ्या रकान्यात 'पुढच्या मोसमात मिळेल' असं लिहावं लागलेला प्रश्न बाजूला ठेवा. मोसम पुढे ढकलले जातात, परवाने अडतात. आजच्या सामग्रीवर पूर्ण होईल असा एक प्रश्न पक्का करा, पुढचा मोसम झाला तर तो बोनस.

मोजणी कशाची करायची हेही आत्ताच ठरवा. नुसती खापरांची संख्या फसवते: एक मोठा रांजण फुटला तर दोनशे तुकडे होतात, एक वाटी फुटली तर पाच. वजन आणि काठाचा किती टक्के भाग शिल्लक आहे ही मोजमापं सोबत घ्या. बियांची संख्या देताना किती लिटर माती धुतली ते द्या, नाहीतर दोन थरांची तुलना होणार नाही. सगळी खापरं मोजत बसण्याआधी एकाच चांगल्या, सीलबंद (नंतर न ढवळलेल्या) संदर्भातली मोजून पाहा. दोन दिवसांत कळेल की तुमचं वर्गीकरण चालतं की पाचवा प्रकार सतत 'इतर' मध्ये जातोय.

गाईडला भेटताना हा तक्ता, ट्रेंचची हकिकत आणि मॅट्रिक्स असे तीनच कागद न्या. चारशे फोटो दाखवत बसलं की तास गप्पांत जातो. मजा येते, पण निर्णय होत नाही.

पायरी ७: वर्गांत परत बसणं

खरी अडचण वाचनाची होते. दिवसभर हातांनी काम करून आलेल्या माणसाला सिद्धांताचा चाळीस पानी लेख पोकळ वाटतो. जबरदस्तीने सगळी यादी वाचू नका. तुमच्या काळाच्या आणि प्रदेशाच्या एकदोन सविस्तर उत्खनन-अहवालांपासून सुरुवात करा आणि त्यांच्या स्तर-प्रकरणात चुका शोधा. पायरी ३ करून झालेली असेल तर त्या दिसायला लागतात, आणि तिथून सिद्धांताकडे जायची वाट आपोआप मिळते: या लेखकाने या दोन थरांना एकच काळ का मानला?

सत्रातलं प्रत्येक लेखन जमेल तिथे आपल्या सामग्रीवर करा. जीआयएसच्या वर्गाला तुमचीच ट्रेंच, संख्याशास्त्राला तुमचीच काठमापं. दोन ओझ्यांचं एक होतं.

आणि आठवड्यातली एक सकाळ फक्त ट्रेंच-अहवालाला द्या, इतर कशालाही नाही. पुरातत्त्वात लिहायचं राहून जाणं हा नवख्यांचा रोग नाही. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी जेरिको या प्राचीन वस्तीचं उत्खनन १९५२ ते १९५८ या काळात केलं. थडग्यांवरचे खंड त्यांच्या हयातीत आले, पण प्रत्यक्ष टेकाडाच्या स्तररचनेचा खंड त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९८१ मध्ये. इतक्या काटेकोर उत्खननकर्तीचं हे झालं.

शरीर आणि मन

पहिले काही दिवस झोप जास्त लागेल, ती घ्या. कोरड्या, धुळीच्या जागी खोदून आल्यावर ताप-खोकला आठवडाभरापेक्षा जास्त टिकला तर डॉक्टरांना 'मी उत्खननावर होतो' हे आपणहून सांगा आणि प्रदेशाचं नाव सांगा. मातीतल्या बुरशीचे संसर्ग साध्या न्यूमोनियासारखे दिसतात. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, डायनोसॉर नॅशनल मॉन्युमेंटमधल्या पुरातत्त्वीय कामावरची १० माणसं अशा संसर्गाने आजारी पडली होती.

छावणीत कोणी छळ केला असेल, नको तिथे हात लावला असेल, तर 'मोसम संपला, विषय संपला' असं मानू नका. क्षेत्रकार्य करणाऱ्या ६६६ जणांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात सुमारे ६४ टक्के लोकांनी लैंगिक छळ अनुभवल्याचं सांगितलं होतं. तारखा, जागा, कोण हजर होतं हे आठवतंय तोवर लिहून ठेवा. तक्रार कधी आणि कुठे करायची, करायची की नाही, हे नंतर ठरवता येईल. विद्यापीठाची तक्रार समिती प्रकल्पापेक्षा वेगळी असते आणि प्रकल्पप्रमुखांना न विचारताही तिच्याकडे जाता येतं.

शेवटचं काम: उणिवांची यादी

वरचं सगळं करताना एक कागद बाजूला ठेवा आणि जे जे सापडलं नाही, कळलं नाही, मोजलं नाही ते त्यावर उतरवत जा: उत्तर छेदाचं रेखाटन नाही, थर ११ मधून मातीचा नमुना घेतला नाही, पाटीवर उत्तर दिशेचा बाण नव्हता, नोंदपत्रकात जाळीच्या मापाला रकानाच नाही. सत्र अर्धं झालं की ही यादी प्रकल्पप्रमुखांना पाठवा, कारण पुढच्या मोसमाचे फॉर्म, सामानाची मागणी आणि ट्रेंचच्या जागा साधारण तेव्हाच ठरतात. यादी ट्रेंचनुसार लावा, कोणाच्या चुकीमुळे काय राहिलं ते लिहू नका, आणि जिथे शक्य आहे तिथे त्यापुढे काम भरून काढायला किती दिवस लागतील तेही लिहा.